अल्पमुदतीचा मोटार विमा

अल्पमुदतीचा मोटार विमा म्हणजे एका वर्षापेक्षा कमी काळासाठी, काही दिवस, आठवडे किंवा महिन्यांसाठी, मोटारगाडीला दिलेले विमासंरक्षण. ब्रिटनमध्ये हा विम्याचा एक नेहमीचा प्रकार आहे. भारतात मात्र खासगी मोटारीसाठी तो स्वतंत्र प्रकार म्हणून सहसा विकला जात नाही. येथे विमापत्राची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते आणि नव्या मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याची मुदत तीन वर्षांची असते. त्यामुळे भारतात थोड्या दिवसांच्या विम्याचा शोध घेणाऱ्यास बहुतेक वेळा वार्षिक विमापत्राचेच पर्याय तपासावे लागतात: ते मुदतीपूर्वी रद्द करणे, वाहनासोबत हस्तांतरित करणे, वापरलेल्या अंतरानुसार हप्ता भरणे किंवा विमा समाविष्ट असलेली भाड्याची गाडी घेणे.

हा प्रश्न प्रामुख्याने चार प्रसंगी उद्भवतो. जुनी गाडी विकत घेतल्यावर ती नावावर होईपर्यंतचा काळ, परदेशातून काही आठवड्यांसाठी घरी आलेल्यांचा वापर, नातेवाइकाची किंवा मित्राची गाडी थोडे दिवस चालवणे आणि लवकरच विकायची असलेली गाडी. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरातील वाहनांना एमएच-४८ हा नोंदणी संकेतांक मिळतो आणि त्यांच्या नोंदणीचे कामकाज करणारे परिवहन कार्यालय विरार पूर्वेकडील चंदनसार येथे आहे. मालकी हस्तांतरणाच्या अर्जासोबत वैध विमापत्र जोडावे लागत असल्याने, “पंधरा दिवसांपुरता विमा मिळतो का?” हा प्रश्न अशा कार्यालयात जाणाऱ्या खरेदीदाराच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक जागी वापरता येत नाही. वाहन चालवणाऱ्याप्रमाणेच, ते दुसऱ्याला वापरू देणाऱ्यावरही हे बंधन आहे. तृतीय पक्ष म्हणजे विमाधारक आणि विमा कंपनी यांच्याव्यतिरिक्त अपघातात हानी पोहोचलेली व्यक्ती, उदाहरणार्थ पादचारी, सायकलस्वार किंवा दुसऱ्या वाहनातील प्रवासी. कलम १९६ नुसार विम्याविना वाहन वापरल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढील गुन्ह्यासाठी दंडाची रक्कम ४,००० रुपये आहे. दंडाचे हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आहेत.

दंडापेक्षा भरपाईचा भार कितीतरी मोठा असतो. मृत्यू किंवा शारीरिक इजेबाबत तृतीय पक्षाला मिळणाऱ्या भरपाईला विमापत्रात कमाल मर्यादा नसते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या पाहून रक्कम ठरवते व ती विमा कंपनीला द्यावी लागते. विमा नसेल तर हीच रक्कम मालक आणि चालक यांच्याकडून वसूल होते. विमा नसलेल्या वाहनामुळे मृत्यू किंवा दुखापत झाल्यास मालकाने पुरेसे तारण दिल्याशिवाय ते वाहन सोडू नये, अशी तरतूद राज्यांनी नियमांत करावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिले.

कायद्यात विम्याची किमान मुदत सांगितलेली नाही. वाहन सार्वजनिक जागी वापरले जात असताना विमा अंमलात असणे एवढीच अट आहे. म्हणजे एका महिन्याचा विमा कायद्याला अमान्य नाही, तो बाजारात सहसा मिळत नाही, एवढेच. या दोन गोष्टींची गल्लत अनेकदा होते.

इतिहास

भारतात तृतीय पक्ष विमा सक्तीचा करणारी तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९३९ च्या आठव्या प्रकरणात होती. ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. पुढील काळात मोटार विम्याचे दर आणि शर्ती टॅरिफ सल्लागार समिती ठरवत असे. या समितीचे १ जुलै २००२ पासून लागू झालेले ‘इंडिया मोटर टॅरिफ’ हे दरपत्रक अल्पमुदतीच्या विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण त्यात वर्षापेक्षा कमी काळासाठी आकारावयाच्या हप्त्याची श्रेणी स्पष्टपणे दिलेली होती.

त्या श्रेणीनुसार एका महिन्यापर्यंतच्या विम्यासाठी वार्षिक हप्त्याच्या २० टक्के, दोन महिन्यांपर्यंत ३० टक्के, तीन महिन्यांपर्यंत ४० टक्के, अशी दर महिन्याला १० टक्क्यांची वाढ होत जाई. सहा महिन्यांना ७० टक्के आणि आठ महिन्यांना ९० टक्के हप्ता लागे. आठ महिन्यांपेक्षा अधिक काळासाठी पूर्ण वर्षाचा हप्ता घेतला जाई. विमाधारकाने स्वतःहून विमापत्र रद्द केल्यास कंपनी किती रक्कम स्वतःकडे ठेवील, हेही याच श्रेणीवरून ठरत असे.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा, ज्याला व्यवहारात ‘ओन डॅमेज’ म्हणतात, दरनियंत्रणातून मुक्त झाला. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता मात्र नियंत्रितच राहिला आणि आजही तो सर्व कंपन्यांकडे सारखा असतो.

यानंतरचा मोठा बदल नेमका उलट्या दिशेने झाला. रस्त्यांवरील असंख्य वाहनांचा विमा पहिल्या वर्षानंतर नूतनीकृतच होत नाही, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक करण्याचा आदेश दिला. तो १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. इतरत्र विम्याची मुदत दिवसांवर आणि तासांवर येत असताना भारतात ती वाढली, ती या कारणाने. थोड्या दिवसांचा विमा सहज मिळू लागला, तर तो नोंदणीच्या किंवा तपासणीच्या दिवसापुरता घेऊन नंतर सोडून दिला जाण्याची शक्यता असते. दीर्घ मुदतीच्या धोरणामागील ही चिंता निराधार म्हणता येणार नाही.

अल्प मुदतीच्या विम्याची एक जुनी खूण म्हणजे ‘कव्हर नोट’. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार विमापत्र तयार होईपर्यंत दिलेली ही तात्पुरती चिठ्ठी ६० दिवस वैध असते. संगणकीय विमापत्रे तत्काळ मिळू लागल्यावर तिचा वापर मागे पडला. कव्हर नोट हा स्वस्त किंवा स्वतंत्र विमा नव्हता. तिच्यामागे वार्षिक विम्याचाच करार असे.

विमा वाहनाचा की चालकाचा?

ब्रिटनमध्ये वाहन कोण चालवणार, यावर विम्याचा हप्ता मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो आणि विमापत्रात चालकांची नावे नमूद केलेली असतात. भावाची गाडी दोन दिवस चालवायची असेल आणि तिच्या विमापत्रात आपले नाव नसेल, तर स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. त्यामुळे तेथे एका तासापासून सामान्यतः २८ दिवसांपर्यंतची विमापत्रे विकली जातात. लंडन किंवा लेस्टरमध्ये मुलाकडे राहायला गेलेल्या पालकांना त्याची गाडी चालवायची असेल, तर हा प्रश्न प्रत्यक्षात समोर येतो.

भारतात विमा मुख्यतः वाहनाचा असतो. खासगी मोटारीच्या प्रमाणित विमापत्रानुसार मालकाच्या संमतीने वाहन चालवणारी कोणतीही व्यक्ती संरक्षणात येते. त्या वर्गाच्या वाहनाचा वैध परवाना तिच्याकडे असणे ही अट आहे. म्हणून चंदनसारहून मामाची गाडी घेऊन चार दिवस डहाणूला जाणाऱ्या भाच्याला वेगळा विमा काढावा लागत नाही. त्याने निघण्यापूर्वी गाडीच्या विम्याची मुदत आणि स्वतःचा परवाना तपासणे पुरेसे असते. महामार्गाने तलासरीपलीकडे गुजरातमध्ये गेल्यानेही विम्यात फरक पडत नाही, कारण विमापत्र संपूर्ण भारतात लागू असते. नेपाळ, भूतान किंवा बांगलादेशात वाहन न्यायचे असल्यास मात्र जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावे लागते.

या व्यवस्थेत एक उणीव राहते. मालक-चालकासाठीचे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे नोंदणीकृत मालकासाठी असते. गाडी मागून नेलेला भाचा स्वतः जखमी झाला, तर त्या संरक्षणाचा लाभ त्याला आपोआप मिळत नाही. त्याने स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असणे किंवा विमापत्रात पूरक संरक्षण जोडलेले असणे आवश्यक असते.

भाड्याने दिलेली गाडी

खासगी वापराच्या विमापत्रात ‘भाडे किंवा मोबदला’ घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीच्या माणसाला दिवसाच्या पैशांवर दिली आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. तृतीय पक्षाला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची मागणीही ती करू शकते. घेणाऱ्याला ही व्यवस्था स्वस्त वाटते, पण त्यातील जोखीम मालकाच्या अंगावर येते.

परवान्याने चालणाऱ्या, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. त्यांच्या भाड्यातच विम्याचा खर्च धरलेला असतो. तरीही नुकसान झाल्यास ग्राहकाने किती रक्कम स्वतः भरायची, हे भाडेकरारात लिहिलेले असते आणि ती रक्कम बरीच मोठी असू शकते. परदेशातून तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या कुटुंबाने घरच्या बंद गाडीचा विमा आणि भाड्याची गाडी यांची तुलना करताना भाड्याबरोबर ही रक्कमही पाहावी.

हप्त्याची रचना

विम्याचा एकूण हप्ता मुख्यतः दोन भागांचा असतो. पहिला भाग तृतीय पक्ष विम्याचा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीस ७,८९७ रुपये हप्ता आहे. विद्युत मोटारींना या दरांत १५ टक्के सवलत देण्यात आली. हा भाग सर्व कंपन्यांकडे सारखा असल्याने त्याची तुलना करण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. तो गाडीच्या विमा घोषित मूल्यावर, वयावर, नोंदणीच्या ठिकाणावर आणि कंपनीच्या धोरणावर ठरतो. घोषित मूल्य कमी दाखवले की हप्ता कमी होतो, पण चोरी किंवा संपूर्ण नुकसान झाल्यास भरपाईही तेवढीच कमी मिळते. म्हणून दोन कंपन्यांचे हप्ते समान घोषित मूल्यावरच ताडून पाहावेत. या भागाच्या हप्त्यावर दावा न केल्याबद्दलचा ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. तो पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के असतो आणि पुढे २५, ३५, ४५ असा वाढत कमाल ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमापत्राची मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न झाल्यास तो गमवावा लागतो. एकूण हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो.

अल्प मुदत खरोखर स्वस्त पडते का?

१,००० ते १,५०० घन सेंटिमीटर गटातील मोटारीचा केवळ तृतीय पक्ष विमा करासह सुमारे ४,०३१ रुपयांना पडतो, म्हणजे दिवसाला सुमारे ११ रुपये. कायद्याने सक्तीचा असलेला भाग एवढा स्वस्त असल्यामुळे त्याचे आठवड्यांत तुकडे करून विकणे कंपनीलाही परवडत नाही आणि ग्राहकाचीही फारशी बचत होत नाही.

सर्वंकष विम्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. त्याच मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता ६,००० रुपये मानला, तर तृतीय पक्षाचे ३,४१६ रुपये आणि कर मिळून सुमारे ११,१११ रुपये होतात. वैयक्तिक अपघात संरक्षण यात धरलेले नाही. २००२ च्या श्रेणीने एका महिन्याचा हप्ता २,२२२ रुपये, तीन महिन्यांचा ४,४४४ रुपये आणि सहा महिन्यांचा ७,७७८ रुपये झाला असता. महिन्याचा सरासरी खर्च पाहिला तर एका महिन्याच्या विम्यात तो २,२२२, तीन महिन्यांच्या विम्यात १,४८१, सहा महिन्यांच्या विम्यात १,२९६ आणि वर्षाच्या विम्यात केवळ ९२६ रुपये पडतो. मुदत जितकी कमी, तितका दर महिन्याचा भाव चढा. विमापत्र तयार करणे, वाहनाची तपासणी आणि मध्यस्थाचे कमिशन हा खर्च मुदतीच्या प्रमाणात घटत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे. दुसरे असे की, थोड्या दिवसांचा विमा मागणारा बहुधा गाडी जास्त वापरणार असतो.

हे गणित ११ जून २०२४ च्या परिपत्रकाने बरेच बदलले. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सामान्य विम्याबाबत काढलेल्या या मुख्य परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहक कारण न सांगता विमापत्र रद्द करू शकतो. मुदत एक वर्षापर्यंतची असेल आणि दावा केलेला नसेल, तर उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. वरील उदाहरणात तीन महिन्यांनी रद्द केल्यास जुन्या श्रेणीने ४,४४४ रुपये कंपनीकडे राहिले असते, तर प्रमाणशीर हिशेबाने सुमारे २,७७८ रुपये राहतात. म्हणजे वार्षिक विमा घेऊन तो मध्येच रद्द करणे हाच आज अल्पमुदतीच्या विम्याचा सर्वांत स्वस्त पर्याय ठरू शकतो.

त्याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. विमापत्रातील तृतीय पक्ष भाग सहजासहजी रद्द होत नाही. वाहनाचा विमा दुसरीकडे काढल्याचा किंवा वाहनाची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा कंपनी मागते. गाडी उभीच राहणार आहे, एवढे कारण तिला पुरत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात परत मिळणारी रक्कम बहुतेक वेळा स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरती असते. १ सप्टेंबर २०१९ पासून हा भाग स्वतंत्र विमापत्र म्हणून घेता येत असल्याने तो वेगळा ठेवणाऱ्यास हे काम सोपे जाते.

जुन्या गाडीची खरेदी

अल्पमुदतीच्या विम्याची सर्वाधिक निकड भासते ती येथे, आणि सर्वाधिक गैरसमजही येथेच आढळतात. कलम १५७ नुसार वाहनाची मालकी बदलताच त्याचे विमा प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. तृतीय पक्षाच्या दृष्टीने म्हणूनच खंड पडत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला मात्र हे आपोआप हस्तांतरण लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. नावबदल होण्यापूर्वी गाडीला अपघात झाला, तर समोरच्या जखमीला भरपाई मिळेल, पण खरेदीदाराला स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मिळतील याची शाश्वती नसते. विकणाऱ्याकडे पैसे पोहोचले, गाडी घरी आली आणि कागद अजून जुन्याच नावावर आहेत, अशा त्या दोन-तीन आठवड्यांत खरेदीदाराची सर्व गुंतवणूक उघडी असते.

नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो विकणाऱ्याचाच राहतो. नाव बदलताना उरलेल्या मुदतीतील बोनसची सूट कंपनी नव्या मालकाकडून वसूल करते. गाडीची किंमत ठरवताना “विमा आठ महिने बाकी आहे” असे सांगितले जाते, तेव्हा ही वसुली हिशेबात धरलेली नसते. उरलेली मुदत फार थोडी असेल, तर नाव बदलण्यापेक्षा स्वतःच्या नावे नवा वार्षिक विमा घेणे सोयीचे ठरते. विमा संपून गेलेला असल्यास स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देण्यापूर्वी कंपनी वाहनाची तपासणी करते आणि त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात.

काही महिन्यांत विकायच्या गाडीबाबत हेच तत्त्व विकणाऱ्याच्या बाजूने लागू पडते. उरलेला विमा वाया जात नाही, तो गाडीच्या किमतीत धरता येतो.

कमी वापराच्या वाहनांसाठी

जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने ‘पे ॲज यू ड्राइव्ह’ म्हणजे वापरानुसार हप्ता, ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’ म्हणजे चालवण्याच्या पद्धतीनुसार हप्ता आणि एका मालकाच्या अनेक वाहनांसाठीचे एकत्रित विमापत्र यांना परवानगी दिली. पहिल्या प्रकारात वर्षात किती किलोमीटर गाडी चालेल हे आधी सांगितले जाते आणि त्यानुसार स्वतःच्या नुकसानीचा हप्ता कमी होतो. रोजचा प्रवास उपनगरी रेल्वेने करून केवळ सुट्टीच्या दिवशी गाडी काढणाऱ्या विरारच्या कुटुंबासाठी हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. ठरवलेले अंतर संपल्यावर जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात. ते घेतले नाहीत तर दाव्याचे काय होते, याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या निरनिराळ्या आहेत, म्हणून त्या आधी वाचाव्यात. तृतीय पक्ष हप्त्याला ही सवलत लागू नाही.

२००२ च्या दरपत्रकात गॅरेजमध्ये सलग किमान दोन महिने बंद ठेवलेल्या वाहनासाठीही हप्त्यातील सवलतीची तरतूद होती. त्यासाठी कंपनीला आगाऊ लेखी सूचना द्यावी लागे. इमारतीबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीसाठी तिचा उपयोग नव्हता.

विमा सुरू होण्याची वेळ

मुदत जितकी छोटी, तितके तास महत्त्वाचे. विमापत्रावर केवळ तारीख असेल आणि वेळ नसेल, तर संरक्षण त्या दिवसाच्या आरंभापासून लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ‘न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध राम दयाल’ या प्रकरणात म्हटले. ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध जिजुभाई नथुजी दाभी’ या प्रकरणात विमापत्रावर दुपारी चार ही वेळ नोंदलेली होती आणि अपघात त्याच दिवशी सकाळी झालेला होता. तेथे कंपनी जबाबदार नसल्याचे न्यायालयाने ठरवले. आजची संगणकीय विमापत्रे वेळेसह निघतात आणि मुदत संपलेल्या विम्याचे नूतनीकरण केल्यास संरक्षण अनेकदा लगेच सुरू होत नाही. सकाळी पैसे भरून दुपारी गाडी बाहेर काढणाऱ्याने विमापत्रावरील आरंभाची वेळ पाहावी. विमा अंमलात असल्याची नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत आणि ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून पडताळता येते. मध्यस्थामार्फत अनपेक्षितपणे स्वस्त विमापत्र मिळाले असल्यास ही पडताळणी पैसे देण्याच्या दिवशीच करणे इष्ट असते.